लघाट्यांचं पांढरं बटण

कुणाचाही मोबाइल वाजला की लघाटे हातातलं काम थांबवायचे, तर्जनी वर करायचे आणि म्हणायचे, "जा, मालक बोलावतायत." लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एवढंच कशाला, माझ्या वडिलांच्या तेराव्याला ऐन मंत्रांत गुरुजींचा मोबाइल वाजला तेव्हासुद्धा. लोक हसायचे. मी कधी हसले नाही. ज्या माणसाला फोन करणारं कोणी उरलेलं नाही, त्यानं दुसऱ्यांच्या फोनला नावं ठेवावीत यात विनोद कसला? एकदा माझा मोबाइल वाजला आणि त्यांनी बोट वर केलं. फोन खरोखरच आमच्या प्रिन्सिपॉल बाईंचा होता, आणि त्या खरोखरच बोलावत होत्या. त्या दिवशी लघाटे माझ्या मनातून जे उतरले, ते पुढे कित्येक वर्षं उतरलेलेच राहिले.

राजेंद्र नगरात आमची तीन घरं ओळीनं. पहिलं माझं माहेर, तिसरं सासर, आणि मधलं लघाट्यांचं. माझी वरात साठ पावलांत संपली होती, त्यावरून लोक मला अजून चिडवतात. माहेर इतकं जवळ असण्याचे फायदे सगळ्यांना दिसतात. मध्ये लघाटे असण्याचा तोटा फक्त मलाच ठाऊक होता. जाताना आणि येताना त्यांच्या फाटकावरून जावं लागायचं, आणि फाटकाशी ते असायचेच. विटलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर, आणि हातात कसली तरी पोट फाडलेली वस्तू. कधी पंख्याचं रेग्युलेटर, कधी मिक्सरची मोटर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला. सकाळी कोपऱ्यावरचे पोहे, दुपारी खिचडी, आणि दोन्हींवर मूठभर शेव, हा त्यांचा संसार.

ते एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी., अकरावी-बारावीला शिकवते. एवढं सांगितलं की आमचं का जमलं नसावं ते कुणालाही कळेल. माझी डिग्री ते ऐकून होते, आणि ती त्यांना रुतत असावी अशी माझी खात्री होती. "प्रोफेसर लोक फळ्यावर करंट वाहवायचे, मॅडम," ते म्हणायचे, "पण दिवा लावायला मलाच बोलवायचे. मतलब, थिअरी त्यांची आणि शॉक माझा." हे वाक्य मी किमान पन्नासदा ऐकलं असेल. दर वेळी ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं सांगत. उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत. पण हे गृहस्थ उंटावर बसून वर उंटाचं वायरिंग तपासणारे होते.

वडील गेले आणि आई त्या घरात एकटी राहिली. तेव्हा ती ब्याऐंशीची. गुडघे गेलेले, हाताला कंप, पण जीभ शाबूत. माझ्याकडे येऊन राहा म्हटलं की तिचं एकच उत्तर, "लेकीच्या घरी चहाला यावं, मुक्कामाला नाही." माझे यजमान देवासच्या कारखान्यात, सकाळी सातला बाहेर पडणारा सरळ माणूस. सासूनं येऊन राहावं असं त्यांनी स्वतः दोनदा सांगून पाहिलं. त्यावर आई म्हणाली, "जावईबापू चांगले आहेत, म्हणूनच नाही येत. चांगल्या माणसाला कशाला तंगवायचं?" साठ पावलांवरच्या लेकीकडे तिनं उभ्या आयुष्यात एक रात्र काढली नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला यायची, तीसुद्धा डबा बरोबर घेऊन.

माझा धाकटा भाऊ मिलिंद बंगलोरला, अकराव्या मजल्यावर. त्याला आई तिकडे हवी होती. एकदा ती तीन आठवडे राहून आली होती. आल्यावर मला म्हणाली, "खिडकीतून खाली पाहिलं की माणसं एवढी-एवढीशी दिसतात. हाक कुणाला मारायची?" परत जायचं नाव तिनं काढलं नाही. मिलिंदनं मग तिला एक महागडा स्मार्टफोन पाठवला आणि मला बजावलं, "ताई, तिला एकटीला झेपतंय तोवर राहू दे. पण एकदा जरी तुला कामं टाकून तिच्यासाठी धावावं लागलं, तर मी येऊन तिला घेऊन जाणार. मग तिचं काही ऐकणार नाही." हे तो आईच्या समोर स्पीकरवर बोलला. आई त्या वेळी लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबलेले मला दिसले.

त्या स्मार्टफोनला आईची बोटं ओळखूच येत नसत. कोरडी, सुरकुतलेली बोटं. काचेवर ती पोळीला तूप लावावं तसं बोट फिरवायची आणि फोन ढिम्म. शेवटी तिनं तो बंद केला, रुमालात गुंडाळला आणि कपाटात माझ्या लग्नातल्या शालूखाली ठेवून दिला. का, तर बॅटरी संपू नये.

लघाट्यांना हे कळलं आणि त्यांना स्फुरण चढलं. मला फाटकाशी अडवून म्हणाले, "मॅडम, वहिनींना मोबाइल जमणार नाही. आपण तार टाकू. तीन घरं, तीन फोन. उचलला की बोलला. ना नंबर, ना रिचार्ज."

"काका, आजकाल भाजीवालासुद्धा व्हिडिओ कॉल करतो," मी म्हणाले. "आणि आपण तार टाकायची?"

"भाजीवाल्याची बोटं ओली असतात ना," ते म्हणाले. "आणि कंपनी काय आपली मावशी आहे क्या? टॉवर बंद पडला तर ती धावत येणार आहे? तार कशी, इकडं लाइट गेली तरी तिकडं आवाज जातो. तुम्ही तर शिकवता हे."

मी शिकवतेच. पण शिकवणं वेगळं आणि भंगारातले फोन भिंतीला टांगणं वेगळं. मी नाक मुरडलं. आईनं मात्र लगेच होकार दिला. तिला लघाट्यांचं कौतुक होतं, आणि तिला कुणाकुणाचं कौतुक असतं ते मी लहानपणापासून पाहत आले आहे.

राजवाड्यामागच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी तीन जुने फोन आणले. एक काळा, एक लाल, एक शेवाळी. लोकांनी लँडलाइन काढून टाकल्यावर उरलेले. सिनेमातल्या हवालदाराच्या टेबलावर शोभावेत असले. तार कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑफिसातून गुंडाळून आणलेली. त्यांच्या घरात एक जुनी बॅटरी आणि तिला लावलेला चार्जर, म्हणजे लाइट गेली तरी चालणार. आमच्या गच्चीच्या कठड्यावरून, त्यांच्या पेरूच्या झाडातून, आईच्या खिडकीत, असा तो सगळा थाट दोन रविवार चालला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस शिडीवर चढलेला आणि तोंडात स्क्रू धरून मला सूचना देत होता. त्या फोनच्या मूळ घंट्यांना ती बॅटरी पुरत नव्हती, म्हणून त्यांनी दाराच्या घंट्या आणून बसवल्या. आईच्या फोनशेजारी दोन बटणं, पांढरं आणि लाल. पांढरं दाबलं की लघाट्यांकडे वाजणार, लाल दाबलं की आमच्याकडे.

"तुमच्याकडे वाजायचं कारण काय?" मी विचारलं. "आई माझी आहे."

"बॅटरी माझ्या घरी आहे," ते म्हणाले. "मला टेस्टिंग करावं लागणार."

आईकडचा फोन त्यांनी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात, जमिनीपासून जेमतेम दीड हातावर ठोकला. वडिलांनी हौसेनं रंगवून घेतलेली भिंत ती. मी चिडलेच. "जरा वर लावा की, काका. किती विचित्र दिसतंय ते!"

"उभा माणूस स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जातो, मॅडम," ते खिळे वेचत म्हणाले. "ज्याला उभं राहता येत नाही त्याच्यासाठी फोन." मला ते नाटकी वाटलं. माझ्या आईला उभं राहता येत होतं.

पहिली चाचणी म्हणजे निव्वळ करमणूक होती. आईनं लाल बटण दाबलं, आमच्याकडे घंटी वाजली, मी फोन उचलला, आणि आई इतक्या जोरात "हॅलो" म्हणाली की तारेच्या आधी ते खिडकीतून ऐकू आलं. मग ठेवायचं कसं यावर पाच मिनिटं गेली. "ठेवते हं मग." "हो, ठेव." "तू ठेव आधी." तिन्ही फोन एकाच तारेवर असल्यामुळे मधूनच लघाट्यांचा आवाज आला, "वहिनी, ठेवा आता. बॅटरीला पण जीव आहे." मी फोन ठेवला आणि यजमानांना म्हणाले, "म्हणजे आता आपण घरात बोललेलं शेजारी ऐकणार. आपणच तार लावून दिली."

त्यानंतर ती घंटी वाजलीच नाही. आठवडा गेला, महिना गेला, पावसाळा गेला. मी तिच्यावर गाडीची किल्ली अडकवायला लागले. मी रोज सकाळी शाळेत जाताना पाच मिनिटं आणि संध्याकाळी सहाला तासभर आईकडे जायचेच. ती खुर्चीत बसलेली असायची, वेणी घातलेली, ओटा पुसलेला, गोळ्यांचे डबे ओळीनं. "काही लागलं का?" "काय लागणार?" रविवारी मिलिंदचा फोन यायचा. तो विचारायचा, "ती तुमची लँडलाइन वाजली का?" आणि मी हसून सांगायचे, "छे रे, एकदाही नाही. आई ठणठणीत आहे. लघाटेकाकांचा जन्मभराचा शोध वाया गेला." मग आम्ही दोघं त्यांच्यावर हसायचो. फाटकाशी भेटले की मी त्यांनाही सोडत नसे. "काय काका, एक्सचेंज कसं चाललंय?" ते टेस्टर खिशात ठेवत म्हणायचे, "एकदम चालू." मला वाटायचं, काय कोडगा माणूस आहे!

एकदा दुपारी शाळा लवकर सुटली. घरी येऊन किल्ली अडकवताना उगीच मनात आलं म्हणून मी फोन उचलला. तारेवर ते दोघं होते. लघाटे पेपरातल्या उठावण्याच्या, म्हणजे शोकसभांच्या, जाहिराती वाचून दाखवत होते आणि आई प्रत्येकावर शेरा मारत होती.

"उठावना आज चार वाजता, कृष्णपुऱ्याजवळच्या धर्मशाळेत," लघाटे वाचत होते. "पुरुष आणि महिला एकाच वेळी."

"फोटो कधीचा लावलाय?" आई विचारत होती.

"चाळीस साल पुराना. मिशी काळी आहे."

"अरे, मग तोच. त्याच्या आईनं मला हळदीकुंकवाला फुटकी वाटी दिली होती." आणि दोघं हसत सुटले.

माझं डोकं फिरलं. म्हणजे हे यासाठी! आईच्या सुरक्षिततेचा एवढा गाजावाजा, आणि रिकामटेकड्या माणसाला फुकटची करमणूक. संध्याकाळी मी त्यांना सरळ सुनावलं, "काका, तो फोन अडीअडचणीसाठी आहे. गप्पा मारून बॅटरी कशाला घालवता?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम. टेस्टिंग चालू होतं." मी जिंकल्यासारखी घरी आले.

दोन वर्षं अशीच गेली. फेब्रुवारीत त्यांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. जायच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले. असे ते कधी येत नसत. दारातच उभं राहून म्हणाले, "मी आठ दिवस नाही. मुलगा येतोय, पण तो दवाखान्यात राहणार. लाल बटणाकडे लक्ष ठेवा."

"ते कधी वाजतच नाही, काका," मी म्हणाले. "तुम्ही निश्चिंत जा."

"हां," ते म्हणाले. "तेच तर." थोडा वेळ घुटमळले. "दिवसातून एखादी चक्कर जास्त मारा. दुपारची." हा माणूस मला माझ्या आईकडे किती वेळा जायचं ते शिकवतो आहे, याचाच मला राग आला. मी हो म्हटलं आणि गेले नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मी नेहमीसारखी आईकडे गेले. खुर्ची रिकामी होती. ती बोळात भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली होती, पाय पसरून, पदर नीट घेऊन. शेजारी न्हाणीघराचं दार उघडं. फोन तिच्या खांद्याच्या उंचीवर होता, हात लांब न करता पोचेल असा.

"कधीपासून बसली आहेस?" मी ओरडलेच.

"ओरडू नको. लागलं नाहीये. पाय सरकला, बसले, आता उठवत नाही एवढंच." मग म्हणाली, "अकरा वाजले असतील."

सात तास. मी तिला उठवलं, पाणी पाजलं, कपडे बदलले. साडी ओली झाली होती, आणि मी ते पाहिलं याची तिला जास्त लाज वाटत होती. मग मी विचारलं, "लाल बटण हाताशी होतं. दाबलं का नाहीस?"

"तू शाळेत होतीस."

"तीनला घरी आले होते मी! तीन ते सहा मी घरात झोपले होते, आई."

"तेच की. दमून आली असशील," ती म्हणाली. "पांढरं दोनदा दाबलं. मग आठवलं, ते दवाखान्यात आहेत."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं की ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पडल्यावर तिचा हात आपोआप पांढऱ्या बटणाकडे गेला होता. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. बरणीचं झाकण उघडायला पांढरं बटण. गोळीचं पाकीट फोडायला पांढरं बटण. गॅसचा खालचा खटका बंद झाला का बघायला, पाटावरून उठायला, सुई ओवायला, दुपारी उगीच छातीत धडधडलं तर बोलायला. त्या ओळीनं मांडलेल्या गोळ्या लघाटे मांडत होते. पुसलेला ओटासुद्धा. दिवसातून सात-आठ वेळा हा माणूस फाटक उघडून येत होता, आणि मी सहाला जाऊन "काही लागलं का" विचारत होते.

"पण मला का नाही?" मी रडत होते. मला रडू येतं तेव्हा मी भांडल्यासारखी बोलते, हे तिला माहीत आहे.

"तुला सांगितलं की तू मिलूला सांगणार," आई म्हणाली. "तुला लपवता येत नाही. लहानपणापासून येत नाही. आणि मग तो मला घेऊन जाणार. मला तिथं मरायचं नाही ग, वैशू. मला माझ्या घरात मरायचंय." तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझा हात असा घट्ट धरला होता. "लघाट्यांना मी शपथ घातली होती. त्यांना काही म्हणू नकोस."

मी म्हटलंच. दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून दवाखान्यात गेले. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. लघाटे उशीला टेकून बसले होते, हिरव्या झग्यात, खिशाशिवाय आणि टेस्टरशिवाय, अगदी लहान दिसत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी?"

"बरी आहे. तुम्ही मला दोन वर्षं फसवलंत, काका."

त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. कुठं पडल्या, डोकं आपटलं का, लघवीला नीट होतेय का. मग उशीवर मान टाकली आणि ते नेहमीच्या तिरसट सुरात बोलायला लागले. त्या सुराची मला त्या क्षणी किती गरज होती, ते सांगता येत नाही.

"फिजिक्स शिकवता ना, मॅडम? करंट कुठून जातो? जिथं रेझिस्टन्स कमी, तिथून. वहिनींना तुमच्याकडे यायला रेझिस्टन्स फार. लेकीचं घर, लेकीची नोकरी, लेकीची झोप. माझ्याकडे काय? मी फालतू माणूस, बसलेलोच आहे. लाल बटण वाजणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग तार कशाला ओढलीत आमच्यापर्यंत? दोन रविवार घालवून?"

"तुम्हाला बरं वाटायला," ते म्हणाले. "आणि मिलिंदला. तुमची घंटी वाजत नव्हती म्हणूनच तर वहिनी त्या घरात राहिल्या. रोज सात वेळा वाजली असती तर तुम्ही लोकांनी पहिल्या आठवड्यात सामान बांधलं असतं. एवढं साधं सर्किट आहे. एम.एस्सी.ला नाही शिकवत हे?"

दोन वर्षं मी त्या माणसाला फाटकाशी अडवून हसले होते. त्याच्या जिवावर माझी आई ठणठणीत होती, आणि ती ठणठणीत असल्याचं श्रेय मी दर रविवारी बंगलोरला कळवत होते. मी त्यांना सॉरी म्हटलं. त्यांनी हात झटकला. "ते राहू दे. बॅटरीचं पाणी बघा. या महिन्यात घातलं नाहीये."

ते घरी आले नाहीत. जखमेत पू झाला, ताप चढला, आणि नवव्या दिवशी ते गेले. पेपरात उठावण्याची जाहिरात आली. आईनं ती मला वाचून दाखवायला लावली आणि कसलाच शेरा मारला नाही. फक्त म्हणाली, "हे माझ्या आधी जायचे नव्हते." त्यांच्या मुलाला आपले वडील शेजारी काय करत होते याचा पत्ताही नव्हता. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पप्पा मला म्हणायचे, मला इथं काम असतं, मी हैदराबादला येऊ शकत नाही. मला वाटायचं, बहाणा आहे."

तो घर बंद करून निघाला तेव्हा मी त्याच्याकडून ती बॅटरी, चार्जर आणि घंटी मागून घेतली. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर तो हसायलाच लागला. "मॅडमजी, ये क्या म्यूजियम बना रखा है? मोबाइल दिला दो अम्माजी को." त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि स्वतः शिडीवर चढले. तेवीस वर्षं मी मुलांना सर्किट शिकवतेय. तो लघाट्यांनी केलेला एकेक जोड सोडवून परत बांधायला मला तीन रविवार लागले. दोनदा बॅटरी उलटी जोडली. पेरूच्या झाडावरून उतरताना साडी फाटली. पण आता पांढरं बटण असो की लाल, वाजायचं आमच्याकडेच.

जोडून झाल्यावर मी आईसमोर बसले. "मी मिलिंदला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "पडलीस तेही सांगितलेलं नाही. पण तू बटण दाबायचंस. झाकणासाठीसुद्धा. शाळेच्या वेळात बाई येऊन बसेल, ती मी ठरवलीय. बाकीच्या वेळात मी."

"तुला खोटं बोलता येत नाही," आई म्हणाली.

"शिकेन."

हे बरोबर की चूक, मला ठाऊक नाही. मिलिंद वाईट मुलगा नाही. त्याला कळलं तर तो माझं तोंड पाहणार नाही, आणि त्याचंही चुकणार नाही. पण ती बोळात पदर सावरून सात तास बसली होती ते घर सोडावं लागू नये म्हणून, आणि मला तिच्या त्या हट्टाच्या आड यायची हिंमत उरलेली नाही.

पहिले चार दिवस घंटी वाजली नाही. पाचव्या दिवशी वाजली. मी धावत फोन उचलला. "काही नाही," आई म्हणाली, "वाजतंय का ते बघत होते." दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरणीसाठी वाजली. मग गोळीसाठी. मग उगीचच.

परवा रविवारी मिलिंदचा फोन आला. नेहमीच्या गप्पा झाल्या आणि त्यानं नेहमीचंच विचारलं, "आणि ती लघाट्यांची लँडलाइन? वाजते का कधी?"

"छे," मी म्हणाले. "एकदाही नाही."

तेवढ्यात ती वाजली. एकदा, थांबून पुन्हा एकदा. घरभर घुमली.

"ताई, कसली घंटी ग?" मिलिंदनं विचारलं.

"दाराची," मी म्हणाले. "कोणीतरी आलंय. ठेवते हं." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मोबाइल टेबलावर टाकून मी आईकडे निघाले.